वाडा, चौक आणि चटईक्षेत्र : पुण्यातील वाड्यांच्या पुनर्बांधणीचा कायदेविषयक इतिहास

पुण्याच्या जुन्या पेठांतील वाडे कसे नाहीसे झाले, याविषयी जे लिहिले व बोलले जाते त्यात १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यास बहुतेक सर्व दोष देण्यात येतो. भाडे गोठले, दुरुस्ती थांबली, वाडा खचला आणि अखेर बिल्डरच्या हाती गेला, अशी ही उपपत्ती आहे. ती खोटी नव्हे. परंतु अपुरी आहे. वाडा पडण्याचे कारण तीत मिळते. पडलेल्या वाड्याच्या जागी वाड्याच्याच जातीचे घर पुन्हा का उभे राहिले नाही, याचे उत्तर तीत मिळत नाही. ते उत्तर नगररचनेच्या नियमांत, आणि त्याहूनही मागे जाऊन, मोकळी जागा घराच्या आत असावी की बाहेर या बाबतीत कायद्याने केलेल्या निवडीत शोधावे लागते.

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट होईल. 'वाडा' हा शब्द संस्कृत 'वाट', 'वाटक' यांपासून प्राकृतातून मराठीत उतरला. त्याचा मूळ अर्थ कुंपण अथवा कुंपणाने वेढलेली जागा असा आहे. कोळीवाडा, कुंभारवाडा, गुरांचा वाडा या शब्दांत तो अर्थ आजही जिवंत आहे, आणि मोल्सवर्थच्या कोशातही थोरांच्या घराबरोबर गावातील वस्तीचा विभाग व बंदिस्त आवार हे अर्थ नोंदलेले आहेत. तेव्हा वाडा म्हणजे आधी वेढा आणि मग घर. पुण्याच्या वाड्याची रचना या मूळ अर्थाशी इमान राखून असे. रस्त्याच्या अंगास जाड भिंत व दिंडी असलेला दरवाजा, आत देवडी, मग चौक, चौकाभोवती ओसऱ्या व सोपे, त्यांच्यामागे माजघर, स्वयंपाकघर, देवघर. ऐपत असल्यास दुसरा चौक, आणि शेवटी परसू. शेजारच्या वाड्याशी भिंतीला भिंत लागलेली. उजेड, वारा, पावसाचे पाणी, लग्नाचा मांडव, मुलांचा खेळ यांपैकी काहीही बाहेरून यावयाचे नसे. सर्व चौकात असे. घराचे माप खणांनी सांगितले जाई. दोन खांबांमधील अंतर तो खण, आणि भावाभावांत वाटणी करावयाची झाली तरी खण मोजून ती करता येई. चौक, विहीर आणि दरवाजा मात्र सामाईक राहत. वाड्याच्या पोटातील मोकळी जागा कोणा एकाची नव्हती म्हणूनच ती सर्वांना उपयोगी पडत होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावयास हवी.

पेशवाईत या घरांवर राज्याचे नियंत्रण नव्हते असे मानण्याचे कारण नाही. पुण्याच्या कोतवालाकडे जी कामे होती त्यांत घरे, गल्ल्या व रस्ते यांविषयीचे तंटे तोडणे आणि जागांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणे यांचा समावेश होता. परंतु हे नियंत्रण हद्दीचे आणि वहिवाटीचे होते. भिंत कोणाची, पागोळी कोणाच्या अंगणात पडते, गल्लीतून बैलगाडी जाते की नाही, हे प्रश्न त्याच्या कक्षेत येत. भिंतीच्या आत घरमालकाने किती भाग बांधावा आणि किती मोकळा ठेवावा, हा प्रश्न विचारण्याची कोणास गरज वाटली नाही.

तो प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, आणि तो आरोग्याच्या दाराने आला. पुण्यात नगरपालिका १८५८ पासून होती. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम १८९१ साली मुंबई इलाख्यास लागू झाला, आणि वीस वर्षे अखंड उपभोगलेल्या उजेड-वाऱ्यावर शेजाऱ्यास कायदेशीर हक्क सांगता येऊ लागला. हा कायदा खिडकी गृहीत धरणारा होता. ज्या घराची तोंडे आतल्या चौकाकडे आहेत त्याला त्याचा फारसा उपयोग नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे. मग १८९७ ची प्लेगची साथ आली. जुन्या शहरातील दाट वस्ती हीच रोगाची जननी, असे मत सरकारी वर्तुळात दृढ झाले. मुंबईत १८९८ मध्ये सुधार न्यास स्थापन झाला, आणि त्याचे अध्यक्ष ऑर यांनी १९१२ साली मुंबईतील घरांच्या उजेड-वाऱ्यावर दिलेल्या व्याख्यानात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा दंडक पुरस्कारिला. त्याचे गणित सोपे आहे : इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्म्याइतकी मोकळी जागा खिडकीसमोर असावी. मुंबईच्या चाळींपुरता हा दंडक न्याय्य होता, यात शंका नाही. तेथे दोन इमारतींमधील घाणेरडी घळ हाच खोल्यांचा एकमेव उजेड होता. परंतु जो उपाय चाळीसाठी शोधला गेला तोच पुढे घर या वस्तूचा सर्वसामान्य नियम झाला. मोकळी जागा म्हणजे इमारतीच्या बाहेरची जागा, ही व्याख्या रूढ झाली.

१९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाखाली भांबुर्ड्यासारख्या, म्हणजे आजच्या शिवाजीनगरच्या, भागात नव्या योजना आखल्या गेल्या तेव्हा ही व्याख्या सहज बसली. तेथे भूखंड रुंद होते, बंगला मध्यभागी आणि बाग सभोवती. नदीच्या एका तीरावर बाग बाहेर, दुसऱ्या तीरावर चौक आत, अशी ही दोन नगरे कित्येक वर्षे शेजारी नांदली. पेठांतील वाड्यास नव्या नियमाची बाधा होत नव्हती, कारण तो आधीच बांधलेला होता. बाधा व्हावयाची होती ती तो पडल्यावर.

आता भाडेनियंत्रणाकडे वळता येईल. एकत्र कुटुंबे लहान झाली, वाड्याचे सोपे रिकामे पडले आणि त्यांत बिऱ्हाडे आली. पुण्याच्या भाषेत 'बिऱ्हाडकरू' हा शब्द 'भाडेकरू' या शब्दाहून अधिक आपुलकीचा होता. त्यात तात्पुरत्या मुक्कामाची छटा आहे. १९४७ च्या अधिनियमाने ही तात्पुरती वस्ती कायम केली. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण मानले गेले. भाडेकरूच्या मृत्यूनंतर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांकडे हक्क जाऊ लागला. पागडी घेणे गुन्हा ठरले आणि तरीही ती सर्वत्र घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली प्रमाण भाड्याची ही तरतूद काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचा निर्वाळा दिला. ३१ मार्च २००० पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम १९९९ ने दरसाल चार टक्के वाढीस मुभा दिली आणि पागडीस कायद्याचे कवच दिले. परंतु मूळ भाडेच इतके अल्प होते की चार टक्क्यांनी एका कौलाचाही खर्च निघत नव्हता.

या कायद्याचा एक भाग इतिहासकारांनी फारसा पाहिलेला नाही. घर पाडून नवे बांधावयाचे आहे, या कारणास्तव मालकास ताबा मागता येत होता. त्यासाठी न्यायालयाची खात्री पटवावी लागे : पैसा जवळ आहे, नकाशे व अंदाजपत्रके तयार आहेत, नव्या इमारतीत राहत्या गाळ्यांची संख्या कमी होणार नाही. भाडेकरूस नव्या इमारतीत परत येण्याचा हक्क होता. कागदावर ही व्यवस्था समतोल आहे. प्रत्यक्षात मालकापाशी पैसा नसे आणि भाडेकरूपाशी विश्वास नसे. म्हणून दाव्याचा मार्ग सोडून तिसऱ्या पक्षास बोलाविण्याची रीत पडली. बिल्डर मालकास रक्कम अथवा नव्या इमारतीत जागा देई, भाडेकरूस भाडेहक्क सोडल्याबद्दल एक सदनिका मालकीने देई, आणि उरलेले क्षेत्र विकून आपला खर्च व नफा काढी. या व्यवहारात कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण नाणे बनले, आणि ते देऊन तो मालक झाला. भाडेनियंत्रणाने वाडा मारला असे म्हणणाऱ्यांनी, त्याच कायद्याने शेकडो बिऱ्हाडकरूंना शहराच्या मध्यभागी स्वतःचे घर मिळवून दिले, हेही नोंदविले पाहिजे.

अर्थात सर्वांनाच हे साधले नाही. वाडा धोकादायक ठरला की महानगरपालिका १९४९ च्या अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटीस देऊन तो उतरवू शकते. मग घर नाहीसे झाल्यावर भाडेकरूचा हक्क उरतो काय? सर्वोच्च न्यायालयाने आरंभी एका प्रकरणात, वास्तू गेली म्हणजे भाडेहक्कही गेला, असा निर्णय दिला होता. २०१४ साली तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो मागे सारला : भाडेपट्टा वास्तूखालच्या जमिनीसही व्यापतो, म्हणून इमारत पाडल्याने तो संपत नाही. दरम्यानच्या काळात पावसाळ्याआधी येणाऱ्या त्या नोटिशीने काही बिऱ्हाडांच्या पोटात गोळा आणला असेल, तर त्याचे कारण ही अनिश्चितता होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही. नदीकाठच्या पेठांतील माती, लाकूड आणि विटा यांची कित्येक घरे त्या एका दिवसात बसली. वाडे एकेक करून पडण्याचा जो क्रम चालू होता तो पुराने एकदम अनेक वर्षे पुढे ढकलला. मोकळ्या झालेल्या जागांवर काय बांधावयाचे हा प्रश्न त्यामुळे तातडीचा झाला, आणि दोनच वर्षांनी, १९६३ साली, मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा महाराष्ट्र अधिनियम आला. या दोहोंत कार्यकारणभाव नाही. तो अधिनियम मुंबईतील फसवणुकींमुळे झाला होता. परंतु पुण्यास तो वेळेवर मिळाला. बिल्डरने लेखी करार करून तो नोंदवावा, नकाशे दाखवावेत, संस्था स्थापावी आणि अखेर जमिनीचे अभिहस्तांतरण करावे, ही कर्तव्ये त्याने घातली. शेवटचे कर्तव्य इतक्यांनी टाळले की २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली.

वाड्याच्या बाबतीत मात्र कराराआधीचीच वाट बिकट असते. मिळकत पत्रिकेवर पणजोबांचे नाव असते. वारसनोंदी मध्येच थांबलेल्या असतात. एखादा भाग देवस्थानास दिलेला असल्यास धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून तो विकता येत नाही. एखाद्या हिस्सेदाराने आपला हिस्सा त्रयस्थास विकलाच, तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाप्रमाणे त्या त्रयस्थास कुटुंबाच्या राहत्या घरात घुसून सामाईक ताबा घेता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटप अधिनियमाने कुटुंबीयांना तो हिस्सा विकत घेण्याची संधी दिलेली आहे. राहते घर ही इतर मालमत्तेसारखी वस्तू नव्हे, असे हे दोन्ही कायदे मानीत होते.

तीच कल्पना १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २३ मध्ये निराळ्या रूपाने आली, आणि तेथे ती स्त्रियांच्या विरुद्ध गेली. मुलीस वडिलांच्या घरात हिस्सा होता. परंतु पुरुष वारस आपापले हिस्से वेगळे करावयास तयार होईपर्यंत तिला राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती. वाड्याच्या संदर्भात याचा अर्थ असा झाला की भाऊ वाड्यात राहत असेपर्यंत बहिणीचा हक्क कागदावर झोपून राही, आणि पुनर्बांधणीची वेळ आली म्हणजे तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेवले जाई. सासरी सुखी असलेल्या बहिणीने माहेरच्या घरात हिस्सा मागणे हे लोकरीतीस धरून नव्हते. सही करून साडीचोळी घेणे धरून होते. १९९४ च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने सर्व मुलींना तो दर्जा दिला व कलम २३ काढून टाकले. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने, हा हक्क जन्माने मिळतो, त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. आज वाड्याचा विकसन करारनामा करताना लेकींच्या सह्या घेतल्यावाचून कोणीही शहाणा वकील पुढे जात नाही. पुनर्बांधणीस विलंब लावणाऱ्या कारणांत या सह्यांची गणना तक्रारीच्या सुरात होत असते. हा विलंब न्यायाची किंमत म्हणून मोजला पाहिजे.

मालक, वारस आणि भाडेकरू यांची तोंडमिळवणी झाली की मग नगररचनेची गाठ पडते. ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आलेल्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे परवानगीवाचून 'विकास' करता येत नाही. या शब्दाची व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने अवश्य पाहावी. अस्तित्वात असलेली इमारत पाडणे हेही तीत 'विकास' या शब्दाच्या अर्थात बसविले आहे. परवानगीच्या नकाशावर प्रथम रस्ता येतो. महानगरपालिकेने कलम २१० खाली रस्त्याची रेषा आखलेली असल्यास वाड्याची पुढची पट्टी रस्तारुंदीत जाते. दिंडी दरवाजा असतो तो नेमका त्याच पट्टीत. उरलेल्या जागेवर समास सोडावे लागतात. नियमावल्यांनी दाट वस्तीसाठी सौम्य अंक ठेवले आहेत हे खरे. परंतु उंची वाढली की समास वाढतो, आणि उंची वाढविल्यावाचून मालक, भाडेकरू व बिल्डर या तिघांचे भागत नाही.

उदाहरणादाखल नऊ मीटर रुंद व सत्तावीस मीटर खोल अशी जागा घेऊ. तिचे क्षेत्र २४३ चौरस मीटर. दोन्ही बाजूंस दीड-दीड मीटर सोडल्यास रुंदी सहा मीटर उरते, म्हणजे पुढचा-मागचा समास धरण्यापूर्वीच ८१ चौरस मीटर, एकूण जागेचा तिसरा हिस्सा, गेला. आता उरलेल्या सहा मीटरांत तीन मीटरांचा चौक ठेवावयाचा म्हटले तर त्याच्या दोन्ही अंगांस दीड-दीड मीटरच्या पट्ट्या राहतात. त्यांत खाटही नीट मावत नाही. वाडा याच जागेत दोन चौक घेऊन उभा राहत असे, कारण त्याला बाजूच्या समासाची गरज नव्हती. तेव्हा चौक गेला तो नव्या पिढीच्या अभिरुचीमुळे किंवा केवळ लोभामुळे नव्हे. अरुंद जागेत कायद्याने मागितलेली बाहेरची मोकळीक आणि परंपरेने ठेवलेली आतली मोकळीक या दोन्ही एकदम मावत नाहीत. विरोधाभास असा की बाजूची ती दीड मीटरची बोळ ऑर यांना मुंबईत खटकलेल्या घळीचीच लहान बहीण आहे. तीत ना मुले खेळतात, ना ऊन पोचते. नियमावलीत 'चौक' हा शब्द शिल्लक आहे, पण तेथे त्याचा अर्थ संडास-न्हाणीघरांना वारा देणारा उभा झरोका इतकाच उरला आहे. तळमजला तर वाहनांना द्यावा लागत असल्याने ओसरीचाही प्रश्न उद्भवत नाही.

या जागी दुसरा एक मापदंड आला, तो चटईक्षेत्राचा. जमिनीच्या क्षेत्राशी बांधकामाच्या क्षेत्राचे जे प्रमाण ठरविले जाते त्याला शासकीय मराठीत 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणतात, आणि भिंतींच्या आतील वापरण्याजोग्या जागेलाही 'चटईक्षेत्र'च म्हणतात. इंग्रजीत या दोन कल्पनांना दोन स्वतंत्र नावे आहेत. मराठीत एकाच चटईवर दोघांना बसविले गेले. हा केवळ शब्दशास्त्राचा प्रश्न नाही. करारात लिहिलेले पाचशे चौरस फूट बांधीव आहेत की चटईचे, यावर भाडेकरूच्या घरातील एक खोली अवलंबून असते. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने चटईक्षेत्राची व्याख्या केली, तीत बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळल्या आणि आतल्या भिंती धरल्या, तेव्हा कोठे हा घोळ विक्रीपुरता आटोक्यात आला. खणाने मोजलेले घर डोळ्यांनी मोजता येत होते. चटईक्षेत्र मोजावयास वास्तुविशारद लागतो.

२०१७ साली जुन्या हद्दीची नवी विकास योजना मंजूर झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. तीनंतरही पेठांतील लहान जागांच्या बाजूच्या समासाचा वाद शमला नाही. लगतचे वाडे एकत्र करून मोठी जागा करावी, असा उपाय सुचविला जातो. नियमांच्या दृष्टीने तो सयुक्तिक आहे, कारण मोठ्या जागेत समास आणि चौक दोन्ही मावतात. परंतु त्यासाठी जी सामाईक भिंत पाडावयाची तिच्या दोन्ही अंगांस दोन निराळी वारसमंडळे आणि दोन निराळी बिऱ्हाडे उभी असतात.

राहता राहिला नव्या इमारतीच्या मालकीचा प्रकार. पुण्यात सहकारी संस्थेऐवजी १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियमाचा मार्ग पुष्कळ ठिकाणी पत्करला जातो. त्यात प्रत्येकाची सदनिका स्वतंत्र, आणि जमीन, जिना, गच्ची व आवार यांत घोषणापत्राने ठरलेला अविभक्त हिस्सा असतो. ज्या वाड्याची वाटणी होत नव्हती म्हणून तो पाडला गेला, त्याच्याच जमिनीवर भावंडे, जुने बिऱ्हाडकरू आणि नवे खरेदीदार असे सगळे आता अविभक्त हिस्सेदार होतात; आणि या सामाईक भागाच्या वाटणीचा दावा कोणासही लावता येणार नाही, असे त्या अधिनियमाच्या सहाव्या कलमात लिहिले आहे.